फोडलेलं गळू पुन्हा भरतंय? स्तनाच्या टीबीबद्दल बोलूया

(आजूबाजूला माणसं आहेत किंवा ऐकायला निवांत वेळ नाही, अशांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आज शक्यतो इअरफोन लावूनच ऐका. विषय स्तनांचा आहे आणि एसटीत शेजारी काका बसलेले असताना स्पीकरवर हे ऐकणं तुम्हालाही जड जाईल, काकांनाही. मुलांनो, तुम्ही भाग बदलू नका. घरात बहीण आहे, आई आहे, उद्या बायको असेल, आणि दवाखान्यात न्यायला गाडी बहुतेक तुम्हीच काढणार आहात.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते, मी जनरल सर्जन आहे. एका जिल्ह्याच्या ठिकाणी बरीच वर्षं प्रॅक्टिस करतेय. आज ज्या दोन बायकांबद्दल सांगणार आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून वय, गाव वगैरे तपशील बदललेत. आजाराचा भाग जसा घडला तसाच आहे.

टीबीवरच्या आपल्या भागानंतर एका ताईची व्हॉइस नोट आली. तिच्या वहिनीला 'छातीचा टीबी' निघालाय, पण खोकला नाही, एक्स-रे साफ आहे, मग डॉक्टर फसवतायत का, असा प्रश्न. मी उलट विचारलं, छातीचा म्हणजे फुप्फुसाचा की स्तनाचा? उत्तर आलं, "हो मॅडम, छातीचाच."

आता हसू नका, कारण हा घोळ खरा आहे आणि रोजचा आहे. मराठीत आपण स्तन हा शब्द तोंडाने उच्चारत नाही. पुस्तकात लिहितो, बोलत नाही. बाई डॉक्टरला सांगते, "छातीत दुखतंय." मग तिचा ईसीजी निघतो. "छातीत गाठ आहे" म्हणाली तर छातीचा एक्स-रे निघतो, तो नॉर्मल येतो आणि ती गाठ घेऊनच घरी जाते. म्हणून पहिली विनंती: दवाखान्यात स्तन म्हणा, ब्रेस्ट म्हणा, नाहीतर सरळ बोट ठेवून दाखवा. पण 'छाती' म्हणून थांबू नका.

तर त्या ताईला उत्तर: हो, स्तनाला टीबी होतो. फुप्फुस ठणठणीत असताना होतो. खोकला नसताना होतो. केस आणि नखं सोडली तर टीबी शरीरात जवळपास कुठेही होऊ शकतो, हे मेडिकलच्या मुलांना पहिल्यापासून घोकून घेतलं जातं. मणक्याचा टीबी, आतड्याचा टीबी, गळ्यातल्या गाठींचा टीबी ही नावं तुम्हीही ऐकली असतील. स्तनाचा त्यामानाने कमी. पाश्चात्त्य देशांत तो जवळजवळ दिसतच नाही. आपल्याकडे, जिथे टीबी मुळातच जास्त आहे, तिथल्या रुग्णालयांच्या नोंदींत स्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या बायकांपैकी शंभरात एक ते तीन-चार असे आकडे सापडतात. म्हणजे दुर्मीळ, पण इतकाही नाही की मनातसुद्धा येऊ नये.

बरं, आता पहिली बाई.

वय सव्वीस. सात महिन्यांचं बाळ, अंगावर पिणारं. डाव्या बाजूला, काखेकडच्या भागात गाठ आली. घरच्यांनी म्हटलं दूध साकळलंय. गरम पाण्याचा शेक झाला, दूध पिळून काढणं झालं, कुणीतरी लेप दिला. पंधरा दिवसांनी जागा लाल झाली, दुखायला लागली. जवळच्या दवाखान्यात गळू म्हणून अँटिबायोटिक दिलं, मग चीर देऊन पू काढला. बरं वाटलं. तीन आठवड्यांत तिथेच पुन्हा भरलं. पुन्हा चीर. दुसरा दवाखाना, तिसरी चीर. या खेपेला जखम मिटेचना. एका छोट्या भोकातून पाणचट पू येत राहायचा. जुन्या बायका ज्याला नासूर म्हणतात, ते. ब्लाउज बदलून बदलून ती थकली. घरात बाळाला तिच्यापासून तोडलं, वरचं दूध सुरू केलं. तिचं अंथरूण वेगळं झालं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण कॅन्सर हा शब्द घरात फिरायला लागला होता.

माझ्याकडे आली तेव्हा तिच्याजवळ कागदांची जाड पिशवी होती. बिलं, चिठ्ठ्या, दोन सोनोग्राफी, इंजेक्शनांची यादी. मी सगळी पिशवी टेबलावर पसरली. पू किंवा मांसाचा तुकडा तपासायला पाठवल्याचा एकही कागद त्यात नव्हता. तीनदा पू निघाला आणि तीनदा तो बादलीत गेला.

इथे मला नीट बोलायचंय. पहिल्यांदा गळू समजलं गेलं, यात मला काही खटकत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात गाठ, लाली, ताप असेल तर ते बहुतेक वेळा दुधाचं साधं गळूच असतं आणि अँटिबायोटिकने, पू काढून बरं होतं. तिथे टीबी टीबी करत बसलो तर शंभरातल्या नव्वदांना उगाच घाबरवू. पण तेच गळू त्याच जागी परत आलं की तो प्रश्न वेगळा होतो. आणि तिसऱ्या वेळी नुसती चीर देऊन, चौथं अँटिबायोटिक लिहून पाठवणं मला मान्य नाही.

हा जंतू तिथे पोचतो कसा, हे थोडक्यात. बऱ्याचदा तो काखेतल्या गाठींमधून येतो. आपल्या शरीरात लसिका नावाच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं, स्तनातलं पाणी त्या जाळ्यातून काखेतल्या गाठींकडे वाहतं. काखेत टीबी दडलेला असेल आणि रस्ता तुंबला, तर प्रवाह उलटा फिरतो, जंतू मागे स्तनात येतात. कधी खालच्या बरगडीतून किंवा फुप्फुसाच्या आवरणातून सरळ वर येतात. कधी रक्तातून. अंगावर पाजताना बोंडाला भेगा पडतात, त्यातूनही शिरू शकतात. पाजणाऱ्या बायकांत हा आजार जास्त दिसतो, कारण त्या दिवसांत स्तनात रक्तपुरवठा वाढलेला असतो, नळ्या रुंदावलेल्या असतात. वयोगट साधारण वीस ते चाळीस. म्हणजे तुम्ही, हे ऐकणाऱ्या. पुरुषांनाही होतो, पण फारच क्वचित.

एक जुनी गोष्ट सांगते, मला आवडते म्हणून. लंडनचे सर्जन सर ॲस्टली कूपर यांनी १८२९ साली स्तनाच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी तरुण मुलींच्या स्तनातल्या एका सुजेची नोंद केली, आणि लक्षात आणून दिलं की अशा मुलींच्या मानेतल्या गाठीही वाढलेल्या असतात. मानेतल्या गाठी म्हणजे आपल्याकडची गंडमाळ. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगाला दाखवला तो २४ मार्च १८८२ ला. म्हणजे जंतू सापडायच्या त्रेपन्न वर्षं आधी, ना मायक्रोस्कोपची मदत ना एक्स-रे, नुसत्या बोटांनी या माणसाने मान आणि स्तन यांचा संबंध जोडला. म्हणून मी माझ्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगते, स्तन तपासताना मान आणि काख चाचपल्याशिवाय बाईला उठवायचं नाही.

आता मुख्य अडचण. हा आजार दिसायला दुसऱ्यासारखा दिसतो. तरुण बाईत तो गळू असल्याचं सोंग घेतो, चाळिशीच्या पुढे कॅन्सरचं. कडक, वेडीवाकडी गाठ, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी, बोंड आत ओढलेलं, काखेत गाठ, हे सगळं टीबीतही होतं. आणि तुम्ही गुगलवर वाचलेली टीबीची लक्षणं, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, ही इथे अनेकींना नसतातच. सोनोग्राफीत गाठ दिसते, पोकळी दिसते, पू दिसतो. पण पुवावर जंतूचं नाव लिहिलेलं नसतं. मॅमोग्राफीचंही तेच, शिवाय तरुण स्तनाची घडण दाट असल्यामुळे तिचा उपयोग आणखी कमी. म्हणून नुसत्या फोटोवरून कुणी खात्रीने टीबी म्हणत असेल किंवा खात्रीने नाही म्हणत असेल, तर दोन्ही वेळा विचारा, "तुकडा तपासलाय का?"

तुकडा. आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

गाठीतून नमुना दोन प्रकारे घेतात. एक, बारीक सुईने पेशी किंवा पू ओढून, त्याला एफएनएसी म्हणतात. दुसरी, जराशा जाड सुईने, जागा बधिर करून, काडीसारखे तुकडे काढून. ही कोअर बायोप्सी. टाके नाहीत, भरती होणं नाही, अर्ध्या-पाऊण तासात घरी. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत मी दर आठवड्याला ऐकते. त्या भीतीने तपासणी टाळू नका. आजार काय आहे हे न कळताच मोठं ऑपरेशन करून घेणं त्याहून कितीतरी वाईट.

आता खरी मेख पुढे आहे. तुकडा काढला की तो बाटलीत जातो. सवयीने ती बाटली असते फॉर्मलिनची. फॉर्मलिनमध्ये मांस टिकतं, त्याच्या पातळ चकत्या करून पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात. कॅन्सर आहे का, हे त्यातून कळतं. पण फॉर्मलिन जंतूंना मारतं. मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढणार कसा? सीबीनॅट म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी मशीनवरची तपासणी, तीही फॉर्मलिनमधल्या तुकड्यावर भरवशाची राहत नाही. म्हणून बाटल्या दोन लागतात. एक फॉर्मलिनची, पॅथॉलॉजीसाठी. दुसरी साध्या निर्जंतुक सलाइनची, सीबीनॅट आणि कल्चरसाठी. पू निघत असेल तर तो पूसुद्धा निर्जंतुक डबीत, काही न मिसळता.

हे डॉक्टरांचं काम आहे, तुमचं नाही, मान्य. पण धावपळीच्या दवाखान्यात आधी विचारलं तर सोय होते. तुकडा घ्यायच्या आदल्या दिवशी इतकंच म्हणा, "डॉक्टर, टीबीसाठी पण पाठवाल ना? एक बाटली सलाइनची लागेल ना?" चांगला डॉक्टर रागावणार नाही. रागावला तरी बाटली आणेल. (हसते) ऑपरेशन थिएटरमध्ये अर्ध्या मिनिटात सुटणारा हा प्रश्न, तुकडा फॉर्मलिनमध्ये पडल्यावर आठवला तर बाईला पुन्हा सुई खावी लागते.

सीबीनॅटचं उत्तर मशीनमधून दोनेक तासांत येतं आणि ते दोन गोष्टी सांगतं: टीबीचा जंतू आहे का, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल का. अशाच प्रकारचं ट्रूनॅट नावाचं आणखी एक मशीन आहे. ते आपल्या गोव्यातल्या कंपनीने बनवलंय, बॅटरीवर चालतं, त्यामुळे लहान गावांतही पोचलंय. कल्चर मात्र सावकाश. हा जंतू आळशी, वाढायला सहा आठवडेसुद्धा घेतो.

त्या सव्वीस वर्षांच्या बाईच्या तुकड्यात टीबीची ठरावीक खूण सापडली, पेशींचे गोळे आणि मधोमध चीजसारखा मेलेला भाग. पॅथॉलॉजिस्ट त्याला केसिएटिंग ग्रॅन्युलोमा म्हणतात. सीबीनॅटही पॉझिटिव्ह आलं, औषधाला दाद देणारा जंतू. कॅन्सर नाही. तिला सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "बाळाला पाजू का?" त्यावर येते.

त्याआधी दुसरी बाई, कारण सगळ्या गोष्टी इतक्या सरळ नसतात.

ही एकतीस वर्षांची, पुण्यात आयटीत, मूल तीन वर्षांचं. गाठ, दुखणं, मधूनच पू. बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये लिहून आलं, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, टीबीची शक्यता पडताळावी. तिने रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर चार डॉक्टरांना पाठवला. दोघांनी सांगितलं टीबीची औषधं लगेच सुरू कर, एकाने सांगितलं स्टेरॉइड घे, एकाने सांगितलं गाठ काढून टाक. ती माझ्याकडे आली ती रडायच्या बेतात, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

झालंय असं की ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे ते गोळे, फक्त टीबीतच होत नाहीत. बाळंतपणानंतर काही वर्षांत एक वेगळाच आजार होऊ शकतो, त्यात स्तनाला आपोआप सूज येते, गळवं होतात, नासूर होतात, आणि त्याचं ठोस कारण सापडत नाही. त्याचं नाव इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. नाव विसरलात तरी चालेल. गोष्ट एवढीच की वरून तो हुबेहूब टीबीसारखा दिसतो आणि उपचार मात्र उलट्या दिशेने जातात. त्यात अनेकदा स्टेरॉइड देतात. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं. म्हणजे आत खरं तर टीबी असेल आणि आपण नुसतं स्टेरॉइड दिलं, तर जंतूला मोकळं रान. उलट, टीबी नसताना 'आपल्या देशात ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबीच' असं धरून औषधं दिली, तर सहा महिने रोज गोळ्या, यकृतावर ताण, घरात टीबीचा शिक्का, आणि गाठ तिथल्या तिथे.

तिचं सीबीनॅट निगेटिव्ह होतं. पण स्तनाच्या टीबीत जंतूंची संख्या मुळात कमी असते, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे टीबी नाहीच, असं म्हणता येत नाही. मग काय करायचं? इथे मशीन संपतं आणि माणसांनी बसून विचार करायचा असतो. आम्ही स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवली. चीजसारखा मेलेला भाग कुठेच नव्हता. काखेत, मानेत गाठी नाहीत. छातीचा, म्हणजे या वेळी खरंच छातीचा, एक्स-रे स्वच्छ. घरात, ऑफिसात कुणाला टीबी झालेला नाही. ताजा नमुना घेऊन कल्चरला लावला आणि सहा आठवडे थांबलो. दुखण्यावर औषध, पू साचला की सुईने काढणं, एवढंच. सहा आठवडे थांब हे सांगणं सोपं असतं, थांबणारीला अवघड. तिचा दर दोन दिवसांनी मेसेज यायचा. कल्चरमध्ये काही उगवलं नाही. मग विचारपूर्वक, थोड्या मुदतीसाठी स्टेरॉइड दिलं, लक्ष ठेवून. पूर्ण बरी व्हायला वर्ष गेलं. टीबीचं एकही औषध तिला लागलं नाही.

याच्या उलटही मी केलंय. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह, पण स्लाइडमध्ये मेलेला भाग स्पष्ट, काखेत गाठींचा घोस, घरात सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी टीबी. अशा वेळी टीबीची औषधं सुरू केली आणि गाठ विरघळली. म्हणून रिपोर्टच्या एका ओळीचा फोटो पाठवून "औषध सांगा" म्हणू नका. त्या ओळीच्या आजूबाजूचं सगळं लागतं.

यात एक गोष्ट ऐकणाऱ्यांच्या हातातली आहे. लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन अशा अँटिबायोटिक गोळ्या मेडिकलमधून आणून परस्पर घेऊ नका. ही औषधं टीबीच्या जंतूला अर्धवट मार देतात. दहा दिवस बरं वाटतं, तपासण्या निगेटिव्ह येतात, निदान महिनोन् महिने लांबतं. घरातल्या डब्यात मागच्या वेळच्या उरल्या असतील तर त्याही नाही. घेतल्या असतील तर डॉक्टरला सांगा, लपवू नका.

आता उपचार. स्तनाचा टीबी गोळ्यांनी बरा होतो. हे मी मोठ्याने सांगते, कारण एके काळी यासाठी स्तन काढले जायचे आणि अजूनही काही घरांत तीच भीती बसलेली आहे. आता सर्जनचं काम थोडंच: तुकडा घेणं, साचलेला पू शक्यतो सुईने ओढणं, आणि हात आवरणं. मोठी चीर देऊ तितका नासूर व्हायचा धोका. औषधं संपल्यावरही एखादी गाठ उरली तर तेवढी काढतात.

साधारण सहा महिन्यांचा कोर्स. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायरॅझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायरॅझिनामाइड बंद, बाकी तीन चालू. रोज, आणि तुमच्या वजनानुसार. म्हणून वजन वाढलं की डॉक्टरना सांगायचं, गोळ्या बदलू शकतात. काहींना कोर्स लांबवावा लागतो. जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत नसेल तर औषधंच वेगळी, त्याचा वेगळा भाग करावा लागेल. सुरुवातीला एचआयव्ही आणि साखर तपासतात. ते सगळ्याच टीबी रुग्णांचं तपासतात, तुमच्यावर संशय म्हणून नाही.

औषधं सुरू झाली की लघवी केशरी-लालसर होते. रक्त नाही ते, रिफॅम्पिसिनचा रंग आहे. अश्रूही रंगतात, मऊ कॉन्टॅक्ट लेन्सवर कायमचे डाग पडतात, म्हणून सहा महिने चष्मा. हातापायाला मुंग्या आल्या तर सांगा, बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी असते. नजर धूसर वाटली, लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ झाला तर त्याच दिवशी डॉक्टर, इथॅम्ब्युटॉलमुळे असू शकतं. डोळे पिवळे, उलट्या, अन्नावरची वासना उडणं, हे यकृताचं. गोळ्या थांबवा आणि लगेच दाखवा. दारू या काळात नको.

आणि लग्न झालेल्या, न झालेल्या, सगळ्यांसाठी, कारण हे कुणी सांगत नाही: रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. रोजच्या गोळ्याही आणि आयत्या वेळी घ्यायची गोळीही. त्या काळात कॉपर-टी किंवा कंडोम. दिवस राहिलेच तर घाबरून औषधं बंद करू नका, ही चारही औषधं गरोदरपणात देतात. फक्त डॉक्टरना कळवा.

अजून एक गोंधळ. औषधं सुरू करून महिना-दीड महिना झाला की कधी कधी गाठ उलट वाढते, काखेत नवीन गाठ लागते. बाई म्हणते औषध लागू पडत नाही, घरचे म्हणतात डॉक्टर बदल. मरणाऱ्या जंतूंवर शरीराची प्रतिक्रिया जोरात येते, त्यामुळे असं होऊ शकतं. बंद करू नका, दाखवा. खरंच फरक पडत नसेल तर दोन महिन्यांनी पुन्हा तुकडा घेऊन बघता येतं.

पैशांचं. औषधं सरकारी केंद्रात फुकट, खाजगी डॉक्टरकडे असलात तरी. २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारकडे करणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. नाव गावात लागत नाही, नि-क्षय नावाच्या पोर्टलवर जातं. त्या नोंदीवरच आहारासाठी पैसे खात्यात येतात. २०१८ ला महिना ५०० रुपयांनी सुरुवात झाली, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. उपचार चालू असेपर्यंत. आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन जा. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा टोल-फ्री नंबर आहे.

आता तिचा प्रश्न, बाळाला पाजू का. आधी आम्ही एक्स-रे आणि थुंकी तपासून फुप्फुसात टीबी नाही याची खात्री केली. नुसता स्तनाचा टीबी खोकल्यातून पसरत नाही. त्यामुळे वेगळं ताट, वेगळं अंथरूण, वेगळा कोपरा, यातलं काहीही लागत नाही, हे मी तिच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. औषधं दुधात उतरतात ती इतकी थोडी की बाळाला अपाय होत नाही. ज्या बाजूला नासूर वाहत होता ती जखम भरेपर्यंत त्या बाजूचं दूध पिळून टाकायचं, दुसऱ्या बाजूला पाजायचं. बाळाला बालरोगतज्ज्ञांनी तपासलं. बाळाला प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं असतं, आपण शेजारच्या मुलाचं औषध आणून पाजायचं नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग एवढे दिवस पोराला वरचं दूध घातलं ते?" मी म्हटलं, आजपासून अंगावर लावा, जमेल. दोन-तीन दिवस बाळाने तोंड फिरवलं, मग घेतलं. नासूर तिसऱ्या महिन्यात सुकला. सहा महिने झाल्यावर बारीक वण आणि आत जराशी घट्ट जागा राहिली, ती सोनोग्राफीत बघितली, सोडून दिली.

लग्न ठरायचं असलेल्या मुलींचे मेसेज हमखास येतात, म्हणून तेही. बरा झालेला स्तनाचा टीबी संसाराला, मूल होण्याला आडवा येत नाही. पुढे पाजताना त्या बाजूला दूध थोडं कमी येऊ शकतं, चिरा बोंडाजवळ गेल्या असतील तर. सांगायचं की नाही, कधी, कुणाला, ते तुमचं तुम्ही ठरवा. औषधं चालू असताना लग्न झालंच तर मात्र डबी माहेरी ठेवून जाऊ नका. दोन मुलींनी असं केलेलं मी पाहिलंय, आणि दोघींनाही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

पुढच्या भागात गळ्यातल्या गाठी. व्हॉइस नोट पाठवा, फक्त रिपोर्टचे फोटो पाठवू नका, नाव-पत्त्यासकट तर मुळीच नको.